मोडलेली दाढ वाचते: इनले आणि ऑनलेची दुरुस्ती

जेवताना भातातला खडा दाढेखाली येतो, कट्‌कन आवाज होतो आणि जिभेला एक धारदार कोपरा लागू लागतो. साकोलीसारख्या धानाच्या मुलखात हा अनुभव घराघरातला आहे. भंडारा जिल्ह्याचे जेवण भातावर उभे आहे. साकोलीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तिथे तयार झालेल्या धानाच्या वाणांना साकोलीचेच नाव मिळाले आहे. भात आला की कधीतरी खडाही येणारच. पण नीट पाहिले तर खडा बहुतेक वेळा निमित्तालाच असतो. जी दाढ एका खड्याने मोडते, ती आतून आधीच पोखरलेली असते, किंवा बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्यात मोठी चांदी भरलेली असते.

दाढेचा तुकडा पडल्यावर आपल्याकडे काय होते, हे ठरून गेल्यासारखे आहे. दुखत नसेल तर दाढ तशीच राहते. ठणकायला लागली की औषधाच्या दुकानातून गोळी येते. रात्रीची झोप गेली की माणूस डॉक्टरांकडे जाऊन म्हणतो, ‘काढूनच टाका.’ जो थोडा लवकर जातो, तो सिमेंट भरून घेतो. जो आणखी खर्च करू शकतो, तो कॅप बसवतो. दाढ भरणे आणि कॅप बसवणे या दोन उपायांच्या मध्ये आणखी एक उपाय आहे. मोठ्या शहरांतले दंतवैद्य तो करतात, पण गावातल्या रुग्णापर्यंत त्याचे नावही क्वचित पोहोचते. त्या उपायाची नावे आहेत इनले आणि ऑनले. दाढेचा जो भाग शाबूत आहे त्याला शक्यतो हात न लावता, जो गेला आहे तेवढाच बाहेर घडवून आणायचा आणि जागेवर पक्का चिकटवायचा, असा हा उपाय आहे. दाढ काढण्याचा किंवा ती चारही बाजूंनी घासून कॅप घालण्याचा निर्णय घेण्याआधी हा मार्ग प्रत्येकाला माहीत असला पाहिजे.

दाढ मोडते कशी

दाताच्या बाहेरचे पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जेमतेम 2 ते 2.5 मिलिमीटर असते. त्याखाली डेंटिन असते. ते थोडे मऊ आणि लवचिक असते आणि त्यात खनिजांचे प्रमाण सुमारे 70 टक्के असते. सर्वांत आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला जिवंत गाभा असतो. कठीण पण ठिसूळ कवच आणि त्याखाली लवचिक आधार, अशी ही जोडी असते. म्हणून जोराने चावताना दाढांवर 50 ते 70 किलोइतका भार आला तरी निरोगी दाढ तो पेलते.

मात्र इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते, पण इनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करू शकत नाही. दातांवर साचणाऱ्या थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्ससारखे जिवाणू राहतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल बनवतात. तोंडातल्या आम्लतेचे माप, म्हणजे पीएच, सुमारे 5.5 च्या खाली गेले की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. लाळ हे नुकसान काही प्रमाणात भरून काढते. पण दिवसभर थोड्याथोड्या वेळाने गोड चहा, बिस्किटे, गोळ्या चालू राहिल्या तर लाळेला ती सवडच मिळत नाही. कीड इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये गेली की आतल्या आत पसरते. वरून छोटे काळे भोक दिसते आणि आतला भाग पोकळ झालेला असतो.

या किडीचा पहिला बळी बहुधा सहाव्या वर्षी येणारी दाढ असते. ती दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. वास्तविक ती कायमची दाढ असते आणि जन्मभर चावण्याचे सर्वांत जास्त काम तिलाच करायचे असते. पंधराव्या वर्षी तिच्यात चांदी भरली जाते, तिशीत ती भरणी मोठी होते आणि चाळिशीत एखाद्या खड्याने तिचा कोपरा जातो. अनेक दाढांची गोष्ट अशीच असते.

पोकळी खोदल्यावर दाढ किती दुबळी होते, याचे एक प्रसिद्ध मोजमाप 1989 साली झाले. रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी काढलेल्या दातांवर भार देऊन त्यांचा ताठपणा मोजला. दाताच्या फक्त माथ्यावर पोकळी केली तर ताठपणा सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाला. रूट कॅनलसाठी पाडलेल्या छिद्रामुळे घट झाली ती सुमारे 5 टक्के. पण पोकळी दाताच्या पुढच्या बाजूपासून मागच्या बाजूपर्यंत आरपार गेली, तेव्हा ताठपणा 63 टक्क्यांनी घटला. रूट कॅनल केल्याने दात ठिसूळ होतो, असे आपण सर्रास ऐकतो. या आकड्यांवरून दिसते की दात दुबळा होतो तो मुख्यतः दोन्ही बाजूंच्या कडा गेल्यामुळे. या कडा उंचवट्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. त्या गेल्या की प्रत्येक घासाला उंचवटे किंचित बाहेरच्या बाजूला वाकतात, बुडाशी बारीक तडा जातो आणि एक दिवस तुकडा पडतो.

पूर्व विदर्भात याला खर्ऱ्याची जोड मिळते. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा नागपूरपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत पानटपऱ्यांवर मिळतो. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. खर्ऱ्यातल्या सुपारीचे कठीण तुकडे तासन्‌तास दाढांखाली राहतात. त्याने दाढांचे माथे झिजून सपाट होतात आणि आधीच तडा गेलेले उंचवटे निखळतात.

भरणे, इनले, ऑनले आणि कॅप

छोटी कीड असेल तर सरळ भरून घेणे हाच योग्य उपाय आहे. दंतवैद्य कीड काढतो, पोकळीत दाताच्या रंगाचा कॉम्पोझिट पदार्थ थराथराने भरतो आणि निळ्या प्रकाशाने कडक करतो. अडचण येते ती पोकळी मोठी असली की. कॉम्पोझिट कडक होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसते. छोट्या पोकळीत ते जाणवत नाही. मोठ्या पोकळीत मात्र हे आकसणे दाढेच्या भिंतींना आत ओढते, किंवा भिंतीपासून सुटून बारीक फट सोडते. त्या फटीतून पुन्हा कीड शिरते. शिवाय शेजारच्या दाढेला घट्ट टेकेल असा आकार तोंडात, ओल्या आणि अपुऱ्या जागेत हाताने घडवणे कठीण असते. तिथे फट राहिली की प्रत्येक जेवणानंतर अन्न अडकते आणि हिरडी सुजते.

चांदी म्हणून ओळखली जाणारी जुनी भरणी म्हणजे अमाल्गम. तिचा सुमारे निम्मा भाग पाऱ्याचा असतो. ती दाताला चिकटत नाही, म्हणून तिला अडकवून ठेवण्यासाठी पोकळी आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी कोरावी लागते, म्हणजेच चांगला दातही कापावा लागतो. पाऱ्याचे प्रदूषण कमी करण्यासाठी 2013 मध्ये मिनामाटा करार झाला. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद वगळता, अमाल्गमचा वापर थांबवला आहे.

इनले म्हणजे दाढेच्या उंचवट्यांच्या आत बसणारा, बाहेर घडवलेला तुकडा. उंचवटे मजबूत आहेत, फक्त मधला आणि बाजूचा भाग गेला आहे, अशा दाढेसाठी तो असतो. ऑनले त्याच्या पुढची पायरी. एक किंवा अधिक उंचवटे मोडलेले किंवा पातळ झालेले असतील, तर ऑनले त्यांच्यावरूनही पसरतो आणि त्यांना झाकतो. दोन्ही तोंडाबाहेर तयार होत असल्यामुळे पदार्थाचे आकसणे बाहेरच उरकलेले असते. तोंडात उरते ते चिकटवणाऱ्या पातळ थराचे आकसणे. शेजारच्या दाढेला टेकणारी बाजू आणि चावण्याचा माथाही निवांतपणे, नेमका घडवता येतो.

कोणत्या दाढेला काय, हे ठरवण्यात एक यांत्रिक नियम कामी येतो. भिंती पातळ असताना आतच बसणारा धातूचा इनले चावण्याच्या जोराखाली लाकडात ठोकलेल्या पाचरेसारखे काम करतो आणि उंचवटे फाकवतो. ऑनले उंचवट्यांवरून पसरल्याने तोच भार वरून खाली, मुळाच्या दिशेने जातो. म्हणूनच उरलेली भिंत साधारण 2 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तिला तडा असेल, किंवा दाढेचे रूट कॅनल झाले असेल, तर बहुतेक दंतवैद्य इनलेऐवजी ऑनले निवडतात.

मग सरळ कॅपच का नको? कॅप घालण्यासाठी दाढ चारही बाजूंनी आणि वरून घासावी लागते. मागच्या दातांवर कोणत्या उपायासाठी किती दात कापला जातो, हे एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी 2002 मध्ये वजन करून मोजले. इनले आणि अर्धवट झाकणाऱ्या रचनांसाठी दाताच्या वरच्या भागापैकी सुमारे 5.5 ते 27 टक्के भाग गेला. पूर्ण कॅपसाठी गेला सुमारे 67 ते 76 टक्के. मोडलेल्या दाढेच्या एका कोपऱ्यासाठी उरलेले तीन चांगले कोपरे घासून टाकायचे का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारण्यासारखा आहे. शिवाय ऑनलेची कड बहुधा हिरडीच्या वर राहते, त्यामुळे ती ब्रशने स्वच्छ ठेवणे सोपे जाते. आणि पुढे कधी ऑनले निकामी झालाच, तर कॅपचा पर्याय शिल्लक असतो. घासून गेलेला दात मात्र परत येत नाही.

मेणाच्या साच्यापासून संगणकापर्यंत

दातात बाहेरून घडवलेला तुकडा बसवण्याची कल्पना जुनी आहे. मध्य अमेरिकेतील माया लोक हजारेक वर्षांपूर्वी पुढच्या दातांत गोल खाच कोरून त्यात हिरवट जेडचे खडे बसवत. तो शृंगार होता, उपचार नव्हता. पण खाच आणि खडा इतके नेमके जुळलेले असत की उत्खननात सापडलेल्या कवट्यांमध्ये अनेक खडे आजही जागेवर आहेत.

उपचार म्हणून इनलेचा खरा प्रसार झाला तो सोन्याच्या ओतकामामुळे. अमेरिकेतील आयोवा राज्यातले दंतवैद्य फिलब्रुक यांनी 1890 च्या दशकातच मेणाचा नमुना वापरून भरणी ओतण्याची पद्धत मांडली होती, पण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1907 मध्ये इलिनॉयमधील विल्यम टॅगर्ट यांनी न्यूयॉर्कला दंतवैद्यांसमोर हीच पद्धत यंत्रासह सादर केली आणि ती जगभर गेली. टॅगर्ट यांनी पेटंट घेतले होते, पण फिलब्रुक यांचे आधीचे काम पुढे आल्यावर ते न्यायालयात टिकले नाही. पद्धत अशी होती: दाताच्या पोकळीत मेण दाबून नेमका आकार घ्यायचा, तो मेणाचा तुकडा साच्याच्या पदार्थात गाडायचा, तापवून मेण घालवायचे आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले सोने दाबाने भरायचे.

भंडाऱ्याच्या वाचकाला ही विद्या परकी वाटू नये. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, आणि साकोलीवरून पूर्वेला जाणारा महामार्ग ज्या छत्तीसगडमध्ये शिरतो, तिथल्या बस्तरचे ढोकरा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मेण वितळवूनच धातूच्या मूर्ती ओतत आले आहेत. त्याच तत्त्वाने दंतवैद्यकाला असा तुकडा दिला की त्याची कड दाताशी बारीक रेषेइतकी जुळते.

सोन्याचा इनले बसत असे तो मुख्यतः घट्ट जुळणीवर. सिरॅमिक वापरायचे तर ते दाताला खरोखर चिकटायला हवे होते. हा प्रश्न सोडवण्याची सुरुवात 1955 मध्ये झाली. अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले की फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले तर इनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत होतो आणि राळेसारखे रेझिन त्यात घट्ट रुतून बसते. आज कॉम्पोझिट, सिरॅमिकचे ऑनले, दातावर चिकटवायचे पातळ पापुद्रे (व्हेनिअर) या सगळ्यांचा पाया हाच शोध आहे. जे आम्ल दाताला किडवते त्याच गुणाचा, मोजून मापून, दात वाचवण्यासाठी केलेला हा उपयोग आहे.

तिसरा टप्पा संगणकाचा. झ्युरिक विद्यापीठातले दंतवैद्य वेर्नर मोर्मान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांनी कॅमेऱ्याने दाताच्या पोकळीचे चित्र घेऊन, सिरॅमिकच्या ठोकळ्यातून यंत्राने इनले कोरण्याची पद्धत तयार केली. 19 सप्टेंबर 1985 रोजी तिथे पहिल्या रुग्णाला अशा पद्धतीने इनले बसवला गेला. तेव्हापासून सुधारत आलेली ही यंत्रे आज भारतातल्या मोठ्या शहरांतील दवाखान्यांत दिसतात. ज्या दवाखान्यात कोरणारे यंत्र असते, तिथे हे काम एकाच भेटीत संपू शकते.

कशाचा बनवायचा

सोन्याचा मिश्रधातू आजही दर्जात कमी पडत नाही. तो फुटत नाही, पातळ थरातही टिकतो आणि साधारण इनॅमलच्याच गतीने झिजतो, म्हणून समोरच्या दाताला इजा करत नाही. त्याचा रंग आणि सोन्याचा भाव, या दोन कारणांनी तो मागे पडला.

सिरॅमिकमध्ये सध्या लिथियम डायसिलिकेट हा प्रकार सर्वाधिक वापरात आहे. तो जुन्या पोर्सेलीनपेक्षा कितीतरी मजबूत असतो आणि रंगाने दातात मिसळून जातो. त्याला साधारण 1.5 ते 2 मिलिमीटर जाडी मिळावी लागते. चिकटवण्याआधी तो तुलनेने ठिसूळ असतो. दाताशी एकजीव चिकटल्यावरच त्याला पूर्ण ताकद येते. झिर्कोनिया त्याहून कणखर आहे, पण त्याला रेझिनने चिकटवण्यासाठी वेगळी तयारी लागते.

प्रयोगशाळेत उष्णता आणि प्रकाश देऊन पूर्ण कडक केलेले कॉम्पोझिट हा तिसरा पर्याय आहे. तो सिरॅमिकपेक्षा स्वस्त पडतो, तोंडात दुरुस्त करता येतो आणि समोरच्या दाताशी सौम्य वागतो. मात्र तो लवकर झिजतो आणि कालांतराने त्याची चमक जाते. कमी खर्चात मोठी पोकळी बांधायची असेल तर हा पर्याय मुद्दाम विचारून घ्यावा.

दोन भेटींत काय होते

साकोली मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे आणि नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर. ऑनलेसाठी नागपूरला जायचे ठरवले तर बहुधा दोन फेऱ्या धराव्या लागतात, म्हणून प्रत्येक भेटीत काय होणार हे आधी समजून घेतलेले बरे.

पहिल्या भेटीत एक्स-रे काढला जातो. कीड गाभ्यापर्यंत गेली आहे का, मुळाशी पू आहे का, हाड ठीक आहे का, हे त्यात कळते. गाभा सुजून मेला असेल तर आधी रूट कॅनल करावे लागते. त्यानंतर इंजेक्शन देऊन दाढ सुन्न करतात, जुनी भरणी आणि कीड पूर्ण काढतात आणि तडे शोधतात. पोकळीच्या भिंती किंचित बाहेर उघडणाऱ्या आणि आतले कोन गोलसर ठेवले जातात, म्हणजे तुकडा सहज आत बसतो आणि सिरॅमिकवर एका ठिकाणी ताण येत नाही. मग सिलिकॉनच्या लगद्याने किंवा तोंडात फिरवायच्या स्कॅनरने माप घेतात, आणि प्रयोगशाळेतून काम येईपर्यंत तात्पुरती भरणी घालतात. हे काम यायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत त्या बाजूने चिकट पदार्थ किंवा सुपारी चावू नये. तात्पुरती भरणी पडली तर लगेच कळवावे, कारण उघड्या दाढेत कीड शिरते आणि शेजारचे दात सरकले तर तयार तुकडा बसत नाही.

दुसऱ्या भेटीत तो तुकडा बसवून पाहतात. शेजारच्या दाढेला तो योग्य टेकतो का, कड जुळते का, हे तपासतात. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. दाढेभोवती रबरी पडदा ताणून ती लाळेपासून वेगळी केली जाते. न्यूयॉर्कचे सॅनफोर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये आणलेली ही साधी युक्ती आजही बदललेली नाही. ऑनले टिकतो तो चिकटण्यावर, आणि लाळेचा एक थेंब मधे आला तरी ती पकड कच्ची राहते. सिरॅमिकची आतली बाजू तोंडाबाहेर हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाने खडबडीत करून तिच्यावर पकड देणारे सिलेन लावतात. इनॅमलवर साधारण 37 टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद ठेवून धुतात. मग रेझिन सिमेंट लावून तुकडा बसवतात, जादाचे सिमेंट पुसतात आणि सगळ्या बाजूंनी प्रकाश देऊन कडक करतात. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंच लागणारी जागा घासतात. सुन्नपणा उतरल्यावर ती दाढ आधी टेकते असे वाटले, तर ‘बसेल आपोआप’ म्हणून थांबू नये. परत जाऊन घासून घ्यावी, नाहीतर दाढ दुखते किंवा तुकडा फुटतो.

किती टिकते, आणि कधी करू नये

सिरॅमिकच्या इनले-ऑनलेवरील अनेक अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये मोरिमोतो आणि सहकाऱ्यांनी एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात 5 वर्षांनंतर 92 ते 95 टक्के आणि 10 वर्षांनंतर सुमारे 91 टक्के काम टिकून असल्याचे दिसले. जे निकामी झाले त्यांत तुकडा फुटणे हे सर्वांत मोठे कारण होते, त्याखालोखाल गाभ्याचे दुखणे. नवी कीड आणि तुकडा सुटणे ही कारणे त्यामानाने कमी होती. काळजीपूर्वक केलेले काम दहा वर्षे टिकते, ही अपेक्षा त्यामुळे रास्त आहे.

पण प्रत्येक दाढ ऑनलेने वाचत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तडा मुळापर्यंत गेला असेल, किंवा दाढ हिरडीच्या आणि हाडाच्या खोल खाली मोडली असेल, तर ती काढावीच लागते. चारही बाजूंचे इनॅमल गेले असेल तर चिकटायला चांगली जागा उरत नाही आणि कॅपच योग्य ठरते. झोपेत दात कराकरा खाण्याची सवय असेल तर सिरॅमिक फुटण्याची शक्यता वाढते. अशा माणसाने रात्री दातांवर घालायचा गार्ड वापरावा, किंवा धातूचा विचार करावा. तोंडात अनेक दात सतत किडत असतील तर आधी ते किडणे थांबवावे लागते. गळत्या घरात नवे सामान आणल्याने सामानच खराब होते, दुरुस्ती आधी हवी.

खर्रा खाणाऱ्यांसाठी आणखी एक गंभीर गोष्ट आहे. सुपारीमुळे तोंडातली कातडी घट्ट आणि तंतुमय होत जाते, तिखट सोसत नाही आणि जबडा हळूहळू उघडेनासा होतो. ओरल सबम्युकस फायब्रोसिस नावाच्या या आजारातून पुढे काहींना तोंडाचा कर्करोग होतो. ज्याच्या तोंडात दोन बोटेही उभी जात नाहीत, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत दंतवैद्याचे हत्यार पोहोचत नाही. तिथे इनले, ऑनले, रूट कॅनल सगळेच अवघड होऊन बसते. दाढ वाचवायची असेल तर खर्रा आजच सोडावा, आणि तोंड कमी उघडत असेल तर दाढेच्या आधी त्याचीच तपासणी करून घ्यावी.

खर्च आणि सोय

ऑनलेचा खर्च साध्या भरणीपेक्षा बराच जास्त आणि साधारण चांगल्या कॅपच्या आसपास असतो. त्यात प्रयोगशाळेचा आणि सामग्रीचा वाटा मोठा असतो. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांनी दंत महाविद्यालयांचा विचार करावा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दातांची दुरुस्ती शिकवणारा स्वतंत्र विभाग असतो. पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो, पण खर्च सहसा कमी येतो.

दंतवैद्याकडे बसल्यावर चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. माझ्या दाढेचा किती भाग शाबूत आहे? तडा कुठपर्यंत गेला आहे? भरणी, ऑनले आणि कॅप यांपैकी कोणत्या उपायात दात सर्वांत कमी कापावा लागेल? आणि तुकडा चिकटवताना रबरी पडदा किंवा कोरडे ठेवण्याची दुसरी पक्की सोय असेल का? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी नाराज होत नाही. एक्स-रे समोर धरून तो समजावून सांगतो.

बसवलेल्या तुकड्याला कीड लागत नाही, पण त्याच्या कडेशी असलेल्या दाताला लागते. म्हणून दिवसातून दोन वेळा फ्लुओराइडच्या पेस्टने ब्रश करावे, दातांच्या फटी रोज दोऱ्याने साफ कराव्यात, गुडाखू आणि मशेरी टाळावी आणि सहा महिन्यांनी दाढा दाखवून याव्यात. दातांनी बाटलीचे झाकण उघडू नये, सुपारी फोडू नये. तांदूळ निवडून घ्यावा.

आणि दाढेचा तुकडा पडलाच, तर दुखण्याची वाट पाहू नका. न दुखणारी मोडकी दाढ म्हणजे वाचवण्याची संधी अजून हातात असलेली दाढ. आठवडाभरात दाखवलेली दाढ बहुधा ऑनलेने निभावते, वर्षभर टाळलेली रूट कॅनलवर जाते आणि त्याहून जास्त टाळलेली चिमट्यात जाते. दंतवैद्याकडे गेल्यावर पहिले वाक्य ‘काढून टाका’ असे म्हणू नका. ‘ही वाचेल का, आणि कमीत कमी कापून कशी वाचेल?’ असे विचारा.